सावतोबांच्या मळ्यातील मिरची

वाचकहो, श्रीसंत सावता महाराजांचा भाजीच्या मळ्याचा अभंग ऐकला नाही असा वारकरी सापडणे कठीण. मळ्यातल्या साध्या भाज्यांची नावे घेत महाराज त्यांत आपली विठाबाई पाहतात. हा अभंग आपण दिंडीत गातो, कीर्तनात ऐकतो. पण गाताना आपण त्या मळ्यात खरोखर उतरतो का? आज थोडे उतरू या, आणि तेथल्या एका मिरचीच्या रोपापाशी जरा थांबू या.

महाराजांचे गाव अरण, सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातले. आषाढ वद्य चतुर्दशी, शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५, हा त्यांच्या समाधीचा दिवस संप्रदाय मानतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. तिच्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी महाराजांनी देह ठेवला. हा सारा मुलूख कमी पावसाचा. येथे ज्वारी जिरायतात येते, पण भाजीला विहीर लागते. विहिरीतले पाणी वर काढायचे तर चामड्याची मोट, तिला बांधलेला नाडा आणि ओढणारी बैलजोडी हवी. बैल धावेवरून उतरणार, मोट वर येऊन थारोळ्यात रिती होणार, पाणी पाटाने वाफ्यात जाणार आणि माळी हातात खोरे घेऊन दारे धरणार. महाराजांनी विठ्ठल पाहिला तो या कामात. मोट, नाडा, विहीर ही नावे त्यांच्या अभंगात शोभेसाठी आलेली नाहीत. ती त्यांच्या रोजच्या हाताखालची आहेत.

हे ध्यानात घेतले की आणखी एक गोष्ट उलगडते. महाराज पंढरीस गेले नाहीत, मळ्यातच त्यांना देव भेटला, असे परंपरा सांगते. आपण त्याला थोर निष्ठा म्हणतो, आणि ती आहेच. पण शेतकऱ्याच्या नजरेनेही पाहा. जिरायतदार मृगाच्या पावसावर पेरणी उरकून आषाढी वारीला निघू शकतो. भाजीच्या मळ्याला अशी सवड नसते. पावसाने ओढ दिली आणि चार दिवस मोट थांबली, तर कोवळी रोपे माना टाकतात. मळा सोडला तर वाफा सुकतो, न सोडावा तर वारी चुकते, असा हा पेच. महाराजांनी तो कसा सोडवला, हे त्यांचा अभंग सांगतो. म्हणूनच, सर्व संतांच्या पालख्या पंढरीस येतात, पण पांडुरंगाची पालखी मात्र अरणला जाते, या गोष्टीचे आपल्याला एवढे अप्रूप वाटते.

आता त्या भाज्यांकडे पाहा. मुळा आहे, कोथिंबीर आहे, तसेच कांदा आणि लसूणही आहेत. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून आपल्यापैकी अनेक घरे चातुर्मासभर कांदा-लसूण वर्ज्य करतात. व्रतात ज्यांना ताटाबाहेर ठेवायचे, त्यांनाही महाराज विठाबाईच्या रूपाबाहेर ठेवीत नाहीत. व्रत खाणाऱ्याचे असते. पिकवणाऱ्याला तर प्रत्येक रोप सारखेच पाणी मागते.

आणि आता मिरची. तीही या अभंगात आहे, आणि इतिहासाचा प्रश्न येथेच उभा राहतो. आपण खातो ती मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोहोचला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली, आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली. त्यांच्या व्यापारातून मिरची आपल्याकडे आली. म्हणजे महाराजांच्या समाधीनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी! त्याआधी तिखटासाठी मिरी होती, पिंपळी होती, आले होते. अभंगातली मिरची म्हणजे मिरीच, असे कोणी म्हणेल. पण मिरवेल दमट हवेची, सावलीत झाडावर चढणारी. ती माढ्याच्या कोरड्या रानात भाजीच्या वाफ्याशेजारी कशी यावी?

मग काय समजायचे? एक जण म्हणेल, अभंगच महाराजांचा नव्हे. दुसरा म्हणेल, संतवाणीबाबत असे प्रश्न विचारूच नयेत. मला दोन्ही टोके घाईची वाटतात. महाराजांचे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले असे सांप्रदायिक सांगतात, आणि आज त्यांतले जेमतेम तीन-चार डझन उपलब्ध आहेत. मधली शतके ते मुख्यतः मुखातून मुखात वाहत आले. मुखातला शब्द बदलतो. प्रत्यक्ष ज्ञानेश्वरीत तीनशे वर्षांच्या आत इतके पाठभेद शिरले की शके १५०६, म्हणजे १५८४ साली, नाथ महाराजांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. मग मळ्याचा अभंग गाणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या वाफ्यात नव्याने आलेले रोपही विठाबाईच्या ओटीत घातले असेल, तर त्यात नवल नाही. ही माझी समजूत आहे. पण मळ्याच्या रीतीला ती धरून आहे.

शेजारी कर्नाटकात पाहा. पुरंदरदास सोळाव्या शतकातले. 'पुरंदर विठ्ठल' ही त्यांची मुद्रा. त्यांच्या नावे असलेल्या एका कानडी पदात हिरवी असताना दिसलेली आणि पिकून लाल झालेली मिरची येते; गरिबाच्या जेवणाला चव आणणारी म्हणून तिचे कौतुकही येते. परदेशातून आलेले हे रोप विठ्ठलभक्तांनी किती लवकर आपले केले!

तेव्हा वाचकहो, मिरची हा अभंगातला डाग नव्हे. ती अभंग जिवंत राहिल्याची खूण आहे. शिवाराचे वर्णन करणारी रचना चित्रासारखी भिंतीवर टांगून पाहायची नसते. तिच्यात नांगरट चालू असते. तेराव्या शतकातली विहीर आणि सोळाव्या शतकानंतरची मिरची तिच्यात एकाच पाटाच्या पाण्यावर वाढतात. शब्द कोणाचा हे अभ्यासकांनी अवश्य शोधावे, पाठभेद नोंदवावेत. नाथांनी तो मार्ग घालून दिलाच आहे. पण महाराजांची दृष्टी त्याने उणी होत नाही. दृष्टी त्यांची, आणि त्या दृष्टीने आपापले शेत पाहणारे पुढचे सारे त्यांचे वारस.

माढ्याच्या शिवारात आज मोट नाही. ठिबकच्या नळ्या आहेत, ऊस आहे, डाळिंब आहे. पुढच्या वेळी हा अभंग म्हणताना क्षणभर आपल्या बांधावर नजर टाका. आपल्या रानात आज जे उगवते, आणि जे राखण्यासाठी आपली एखादी वारी चुकते, त्यात आपल्याला विठाबाई दिसते का, एवढे स्वतःला विचारा.

रामकृष्ण हरी.