‘चर्च’ म्हणजे नक्की कोणतं? सांगलीतून शिकलेली गोष्ट

‘कंडोम, एचआयव्ही आणि चर्चची भूमिका’ असा विषय घ्यायचा विचार करताय? मग आधी स्वतःला विचारा: चर्च म्हणजे कोणतं?

सांगली-साताऱ्यापुरतंच बघा. मिरजेचं वॉन्लेस हॉस्पिटल १८९४ चं, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने उभं केलेलं. साताऱ्यात काम अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरा. दोन्ही प्रोटेस्टंट. पोपचा शब्द त्यांना बांधील नाही. तरी आपण व्हॅटिकनचं पत्रक उद्धृत करून मोकळे होतो!

दुसरी चूक काळाची. १९३० च्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी संततिनियमनाला मर्यादित मुभा दिली. त्याच वर्षअखेरीस अकरावे पोप पायस यांनी ते निषिद्ध ठरवलं. १९६८ मध्ये सहावे पोप पॉल यांनी तीच भूमिका कायम ठेवली. पण हा सगळा वाद मूल होऊ देण्या-न देण्याचा. भारतात एचआयव्हीचं पहिलं निदान झालं १९८६ मध्ये, चेन्नईत. आजार टाळण्यासाठी कंडोम, हा प्रश्नच नवा होता. म्हणून तर २००९ मध्ये ‘कंडोमवाटपाने समस्या वाढते’ असं म्हणणारे सोळावे पोप बेनेडिक्ट २०१० मध्ये काही प्रसंगी त्यात जबाबदारीची पहिली पायरी असू शकते, इथवर आले.

आता सांगलीकडे या. ‘संग्राम’ संस्था इथे १९९२ पासून काम करते. धंदा करणाऱ्या बायकाच एकमेकींना कंडोम पुरवत, समजावत. १९९६ मध्ये त्यातूनच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. मग २००३ चा अमेरिकी एड्स-निधी कायदा आला. वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं धोरण जाहीर करा, तरच पैसा, ही त्यातली अट. तिच्यामागे तिथल्या पुराणमतवादी ख्रिस्ती गटांचा जोर होता. ज्यांच्या भरवशावर काम चालतं, त्यांच्याच विरोधात सही कशी करणार? २००५ मध्ये ‘संग्राम’ने अट नाकारली आणि तो निधी सोडला.

इथे कंडोमवर बंदी कुणी घातली नव्हती, हे लक्षात घ्या. अडचण आली ती निधीच्या करारातून, आणि तीही व्हॅटिकनहून नाही, वॉशिंग्टनहून.

म्हणून धर्मपत्रकं जरूर वाचा, पण तिथेच थांबू नका. पैसा कुणाचा, अट कोणती आणि सही करायला कुणी नकार दिला, तेही शोधा. नाहीतर प्रबंधात पोप असतील, गोकुळनगरच्या बायका नसतील.