शिवणयंत्राचा हिशेब : वीस वर्षे की तीस दिवस?

एखादे यंत्र महाग आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो? दुकानातली किंमत तर सर्वांना सारखीच असते. तरी तेच यंत्र एकाला परवडते आणि दुसऱ्याला परवडत नाही. हा प्रश्न वर्गात मांडायचा असेल, तर शिवणयंत्राच्या इतिहासासारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण. यंत्र मुलांच्या ओळखीचे आहे आणि आकडेमोड गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही.

सुरुवात 1845 साली बॉस्टनमध्ये करू या. एलायस हाऊ या तरुण कारागिराने तिथल्या एका कपड्यांच्या कारखान्यात आपले नवे यंत्र मांडले आणि हाताने शिवणाऱ्या पाच तरबेज स्त्रियांशी शर्यत लावली. प्रत्येकीला एकेक शिवण दिली, हाऊने स्वतः पाच घेतल्या. त्याच्या पाच शिवणी आधी संपल्या. बघ्यांनी तोंडात बोटे घातली आणि मग एकही यंत्र विकले गेले नाही! किंमत होती 300 डॉलर. त्या काळी अमेरिकेतल्या सामान्य कुटुंबाची वर्षाची कमाई 500 डॉलरच्या आसपास असे. शिवाय शिंप्यांना धास्ती होती ती वेगळीच. फ्रान्समध्ये तिमोनिए या शिंप्याची सैनिकी गणवेश शिवणारी यंत्रे 1831 साली पॅरिसच्या शिंप्यांनी मोडून टाकली होती, ती याच धास्तीपोटी.

यंत्र इतके महाग का होते, हे टाका कसा पडतो ते पाहिले की कळते. हातशिलाईत सुई कापडातून आरपार जाते आणि दोरा तिच्यामागून येतो. यंत्राची सुई आरपार जात नाही. तिचे नेढे टोकाजवळ असते. ती खाली जाऊन किंचित वर येऊ लागली, की मागे राहिलेल्या दोऱ्याचा एक लहानसा फुगा, म्हणजे फास, तयार होतो. नेमक्या त्या क्षणी खालच्या दोऱ्याचा धोटा त्या फासातून निघून गेला पाहिजे. क्षणभर अलीकडे-पलीकडे झाले तर टाका चुकतो. पुढचा टाका पडण्याआधी कापड ठरावीक अंतर सरकलेले हवे, तेही सुई वर असतानाच. या साऱ्या हालचाली एकाच दांड्याच्या फिरण्यातून निघतात. त्यासाठी भाग अतिशय काटेकोर लागतात, आणि सुरुवातीच्या काळात सिंगरच्या कारखान्यात ते कानशीने घासून एकमेकांना बसवीत. म्हणजे हाताचे काम वाचवणारे हे यंत्र स्वतः मात्र हाताच्या कामानेच तयार होत होते.

आता हिशेबाकडे वळू. 1860च्या सुमारास व्हीलर अँड विल्सन या कंपनीने एक तक्ता प्रसिद्ध केला. पुरुषाचा शर्ट हाताने शिवायला 14 तास 26 मिनिटे लागतात, यंत्राने 1 तास 16 मिनिटे. लांब कोटाला हाताने 16 तास 35 मिनिटे, यंत्राने 2 तास 38 मिनिटे. विकणाऱ्याचाच तक्ता तो, तेव्हा थोडे मीठ लावून घ्यायला हवा. तरी वाचण्यासारखा आहे. त्यातच तलम कापडावर मिनिटाला हाताने 23 आणि यंत्राने 640 टाके पडतात, असेही दिले आहे. टाक्यांचा वेग जवळजवळ 28 पट, पण शर्ट मात्र फक्त 11 पट लवकर होतो आणि कोट 6 पट. हे असे का, ते विद्यार्थ्यांना आधी विचारून पाहावे. टाका घालणे हा शिवणकामाचा एक भाग झाला. कापड मांडणे, दुमडणे, कच्चे टाके घालणे, कोपरे उलटवणे, काजे करणे ही कामे यंत्राने वेगवान केलेली नसतात. एक पायरी कितीही जलद केली तरी उरलेल्या पायऱ्यांचा वेळ तसाच राहतो. संगणकाचा वेग वाढवू पाहणारेही या भिंतीवर डोके आपटून घेत असतात.

एका शर्टामागे 790 मिनिटे वाचली. समजा एका घरात वर्षाला 12 शर्ट शिवतात. वाचलेला वेळ झाला 158 तास. तासाची किंमत 4 सेंट धरू (हा आकडा मी सोयीसाठी घेतला आहे, हवा तर बदलून पाहावा). वर्षाची बचत 6 डॉलर 32 सेंट. सिंगरच्या पहिल्या यंत्रांची किंमत होती 125 डॉलर. म्हणजे यंत्राचे पैसे फिटायला जवळजवळ 20 वर्षे!

हेच यंत्र कारखान्यात ठेवू. दिवसाला 10 तास चालवले तर साधारण आठ शर्ट होतात आणि 104 तासांचे हातकाम वाचते. त्याच दराने दिवसाची बचत 4 डॉलर 16 सेंट. यंत्र 30 दिवसांत फिटले. यंत्र तेच, किंमत तीच, तासाचा दरही तोच. फरक एवढाच की घरातले यंत्र बहुतेक दिवस झाकून ठेवलेले असते. आम्ही संशोधक महागड्या उपकरणासाठी अर्ज करतो, तेव्हा ते आठवड्यात किती तास चालेल हा रकाना भरावा लागतो. तो भरताना हात जड होतो, तो याच कारणाने.

मग घरांनी यंत्र घेतले कसे? सिंगर कंपनीचे वकील भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी 1856 साली हप्त्यांची पद्धत काढली. थोडे पैसे आधी, उरलेले महिन्याच्या महिन्याला. 1855 साली कंपनीची 883 यंत्रे विकली गेली होती, 1856 साली 2,564. किंमत कमी झाली नव्हती, उलट हप्त्याने एकूण जास्तच द्यावे लागत. पण आता घरधनी 125 डॉलरचा विचार न करता पुढच्या महिन्यापुरता विचार करू लागला. शेवटचा हप्ता भरेपर्यंत यंत्र कंपनीचेच. हप्ते थकले की ते उचलून नेत.

हे सर्वांत जास्त बोचले ते मोलाने शिवणाऱ्या बायकांना. त्यांच्या हालांवर टॉमस हूडची कविता 1843 सालीच ‘पंच’मध्ये छापून आली होती, यंत्र येण्याच्याही आधी. कागदावर पाहिले तर यंत्राने त्यांची कमाई अकरापट व्हायला हवी होती. झाले असे की शर्ट लवकर होऊ लागला तसा शर्टामागचा दर उतरला. वाचलेले तास शिवणारणीच्या पदरात न पडता व्यापाऱ्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या पदरात पडले. वर यंत्राचा हप्ता आणि दोरा तिच्याच माथी. माझ्या मते वरच्या हिशेबातली खरी खोट इथे आहे : तासाचा दर आपण स्थिर धरला, आणि यंत्राने तोच हलवला. तिला यंत्र परवडत नव्हते आणि न घेणेही परवडत नव्हते.

घरातल्या स्त्रीचे वेगळे. तिचे 158 तास खरेच सुटले, पण पुष्कळ घरांत ते झालरी, चुण्या आणि जास्त कपड्यांत परत गेले. याला बचत म्हणायचे की सुखसोय, हे आकडेमोड सांगू शकत नाही.

किमती खरोखर उतरल्या त्या पुढे. हाऊ, सिंगर आणि आणखी दोन कंपन्यांनी 1856 साली आपली पेटंटे एकत्र करून इतर यंत्रकर्त्यांकडून दर यंत्रामागे रक्कम घ्यायला सुरुवात केली होती. 1877 साली शेवटचे महत्त्वाचे पेटंट संपले आणि ही पकड सुटली.

आपल्याकडेही सिंगरची यंत्रे हप्त्यांनीच पसरली. ती घराआधी शिंप्याच्या ओट्यावर गेली, आणि वरचा हिशेब पाहता त्यात नवल नाही. शिंपी ते दिवसभर चालवणार होता. गांधीजी यंत्रांवर टीका करीत, पण 1924 साली ‘यंग इंडिया’त आलेल्या एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला त्या टीकेतून वगळले. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने ते तयार केले, असे ते म्हणाले. ती कथा खरी नाही. सिंगर हा नाटकमंडळीत वावरलेला माणूस, 1850 साली बॉस्टनच्या एका कार्यशाळेत दुसऱ्याचे यंत्र सुधारायला बसला तो पैशासाठी. पण गांधीजींना पुढचा प्रश्न विचारला गेला, तो नेमका होता : शिवणयंत्र हवे तर ते बनवणारा कारखानाही आला, त्याचे काय? असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत, असे त्यांनी उत्तर दिले.