मेनोनाइट मंडळीतील प्रार्थना व आध्यात्मिक नवजागृती

मेनोनाइट ख्रिस्ती मंडळी मेनो सायमन्स यांच्या नावाने ओळखली जाते. फ्रिसलँडमधील हे कॅथलिक धर्मगुरू १५३६ साली आपले पद सोडून प्रौढ स्नानसंस्काराचा पुरस्कार करणाऱ्या पंथास मिळाले. शस्त्र न उचलणे हे या मंडळीचे व्रत होय.

छळ व स्थलांतर सोसून काही मेनोनाइट कुटुंबे आजच्या युक्रेनमधील मोलोच्ना वसाहतीत स्थिरावली. शेती बहरली, श्रद्धा मात्र अनेकांच्या बाबतीत केवळ रूढी बनली. १८५० च्या दशकात एडुआर्ड व्यूस्ट या धर्मोपदेशकांच्या प्रवचनांनी मने हेलावली. घराघरांतून प्रार्थना व शास्त्रवाचन सुरू झाले. १८५९ च्या अखेरीस काहींनी वडीलजनांविना घरीच प्रभुभोजन साजरे केले आणि वाद पेटला. ६ जानेवारी १८६० रोजी १८ कुटुंबप्रमुखांनी पत्रावर सह्या केल्या व 'मेनोनाइट ब्रदरन' ही वेगळी मंडळी जन्मास आली. आज तेलंगणातही तिची उपासनामंदिरे आहेत.

आपल्या धर्मग्रामांतील छोटे ख्रिस्ती समूहही घरोघरी प्रार्थनेस जमतात. नवजागृती ही पवित्र आत्म्याची देणगी आहे. परंतु तिला प्रेमाची व संयमाची जोड नसेल, तर एकाच कुटुंबाची दोन कुटुंबे होतात, हे आपण येथून शिकावे. मेनोनाइट व कॅथलिक प्रतिनिधींनी १९९८ ते २००३ या काळात संवाद साधून जुन्या जखमांचे एकत्र स्मरण केले. दुरावलेल्या बंधूंसाठी आपणही प्रार्थना करू या.