बॅकहो : लघुट्रॅक्टरावर जोडणे व उतरविणे

साधारणतः 20 ते 50 अश्वशक्तीच्या लघुट्रॅक्टराच्या पाठीमागे बसविले जाणारे, बूम, दांडा व बकेट या तीन अवयवांनी माती खोदून ती चालकाच्या दिशेने ओढून घेणारे द्रवचालित खननयंत्र म्हणजे बॅकहो. या वर्गातील लहान बॅकहो सुमारे 6 ते 8 फूट खोल चर खणू शकतो. परंतु त्याचे वजन अडीचशे-तीनशे किलोंपासून पुढे असल्यामुळे तो हाताने उचलून चढविण्या-उतरविण्याची बाब राहत नाही. हे काम यंत्र स्वतःच्याच बळाने करते, आणि चालकाचे कौशल्य त्या बळाला योग्य वेळी योग्य दिशा देण्यात असते.

ट्रॅक्टराला जोडावयाच्या द्रवचालित बॅकहोचा उगम 1940 नंतरच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात, वेन-रॉय या नावाने झाला. इंग्लंडात जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी 1953 मध्ये पुढे लोडर, म्हणजे माती उचलून भरणारे बकेट, व मागे बॅकहो असे जोडयंत्र सिद्ध केले. महाराष्ट्रात ‘जेसीबी’ हे ज्याचे नाव गावोगाव झाले आहे ते याच वंशातील. या मोठ्या यंत्रांत बॅकहो कायमचा बसविलेला असतो व तो उतरविण्याचा प्रश्न उद्भवत नाही. लघुट्रॅक्टराची गोष्ट निराळी. जपानच्या लहान भातखाचरांसाठी घडलेले हे ट्रॅक्टर कुबोटा आदी कंपन्यांनी 1970 च्या सुमारास अमेरिकेच्या बाजारात उतरविले. दोन-चार एकरांची वाडी बाळगणाऱ्या तेथील गृहस्थाला एकाच ट्रॅक्टराने उन्हाळ्यात गवत कापावयाचे, हिवाळ्यात बर्फ लोटावयाचे आणि मध्येच कधी नळाचा चर खणावयाचा असतो. बॅकहो मागे असेपर्यंत मागील पीटीओ (अवजारांना इंजिनाची शक्ती पुरविणारा फिरता दांडा) आणि अवजारे अडकविण्याचा मागील तीन-बिंदू जोड या दोहोंचा उपयोग बंद होतो. म्हणून तो वारंवार काढणे व घालणे हा त्या गृहस्थाच्या कारभाराचा नित्याचा भाग ठरतो.

जोडणीचे प्रकार दोन. पहिल्यात बॅकहो ट्रॅक्टराच्या तीन-बिंदू जोडावर, म्हणजे हॅरी फर्ग्युसन यांच्या संशोधनातून रूढ झालेल्या त्या व्यवस्थेवर, इतर अवजारांप्रमाणे अडकविला जातो. ही रीत स्वस्त खरी. परंतु तीन-बिंदू जोड नांगर ओढण्यासाठी योजलेला असून खोदकामाचे धक्के सोसण्यासाठी नाही. बकेट एखाद्या खडकात अडकून चालकाने जोर केला असता वरचा दुवा तुटून अथवा निसटून बॅकहोचा सांगाडा वर उचलला जाण्याची आणि त्याच्या व ट्रॅक्टराच्या मध्ये बसलेला चालक चिरडला जाण्याची भीती असते. शिवाय मागील आसाच्या पेटीवर येणारा ताण तिला तडे पाडण्याइतका असू शकतो. या कारणास्तव बहुतेक उत्पादक दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे उपसांगाड्याची शिफारस करतात. ट्रॅक्टराच्या पोटाखालून पुढील लोडरच्या चौकटीपर्यंत जाणारा हा पोलादी सांगाडा खोदण्याचा भार साऱ्या ट्रॅक्टरावर विभागतो. त्याच्या मागील टोकाशी खाचा व आडवा दांडा असतो. बॅकहोचे आकडे त्यांत बसतात आणि वर दोन जाड पिना घालून ते पक्के करतात. पुढील वर्णन याच प्रकाराचे आहे. खाचा कोठे व पिना कोठे याचा तपशील मात्र प्रत्येक प्रतिमानात वेगळा असल्यामुळे उत्पादकाची पुस्तिका जवळ असणे इष्ट.

व्यवहारात जोडणीपेक्षा उतरविण्यालाच अधिक महत्त्व द्यावे, असे या लेखकाचे मत आहे; कारण बॅकहो ज्या स्थितीत सोडला त्याच स्थितीत तो पुन्हा घ्यावा लागतो, आणि जोडताना होणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ मागील वेळच्या घिसाडघाईत सापडते. जागा सपाट व टणक हवी, आणि ट्रॅक्टर सरळ पुढे निघून नंतर सरळ मागे येऊ शकेल अशी हवी. पुढील लोडरचे बकेट जमिनीवर टेकवून, हातब्रेक ओढून, चालक बॅकहोच्या आसनावर बसतो आणि इंजिन मंद ठेवून बूम मध्यरेषेत आणतो व झुलण्याची खीळ घालतो. मग दोन्ही बाजूंचे आधारपाय लाकडी फळ्यांवर टेकवून बकेट मागे जमिनीवर सपाट ठेवावयाचे. या अवस्थेत बॅकहो तराजूच्या दांडीसारखा वागतो. आधारपाय खाली रेटले की सारा सांगाडा वर येतो. बकेटने जमीन दाबली की आधारपायांच्या टेकूवर त्याचे ट्रॅक्टराकडील टोक खाली झुकते. बकेटचा दाब सैल केला की तेच टोक वर येते. या दोन हालचालींच्या मेळाने पिनांवरील भार नाहीसा केला असता त्या बोटांनी निघतात. ज्या पिनेला हातोडी लागते तिच्यावर भार शिल्लक आहे असे समजावे, आणि हातोडी ठेवून पुन्हा आसनावर जावे. पिना निघाल्यावर त्याच रीतीने आकडे खाचांतून मोकळे करावयाचे. या वेळी मागील चाक व सांगाडा यांच्यामध्ये कोणीही उभे राहता कामा नये.

यानंतर तेलाच्या नळ्यांचा विषय येतो, आणि अननुभवी मालकाची फजिती होते ती बहुधा येथेच. इंजिन बंद करून, बूम व आधारपाय जमिनीवर टेकलेले आहेत अशी खात्री करून, बॅकहोच्या सर्व नियंत्रण-दांड्या दोन-तीनदा इकडेतिकडे हलवाव्यात, म्हणजे नळ्यांत कोंडलेला दाब उतरतो. तो तसाच राहिला आणि बॅकहो उन्हात पडला, तर तापलेले तेल प्रसरण पावून दाब इतका वाढतो की पुढच्या वेळी नळीच्या टोकाचा कपलर (जोडक) कितीही रेटला तरी बसत नाही. दुसरी गोष्ट अशी की बहुतेक लघुट्रॅक्टरांत इंजिन चालू असेतो पंपाचे तेल अखंड फिरत राहिले पाहिजे, आणि ते लोडर, बॅकहो व शेवटी तीन-बिंदू जोड अशा क्रमाने फिरते. बॅकहोकडे जाणारी व त्याच्याकडून परत येणारी अशा दोन नळ्या सोडविल्यावर त्यांची ट्रॅक्टराकडील टोके एकमेकांस जोडून प्रवाह पुरा करावा लागतो. हे विसरल्यास इंजिन सुरू होताच सुरक्षा-झडप कण्हू लागते, तेल तापते आणि मागील जोड जागचा हलत नाही. पंप बिघडला असे समजून मिस्त्रीला बोलावणी जातात ती याच पायी. उघड्या टोकांवर टोप्या चढविण्याचा कंटाळा करू नये. चिमूटभर धूळ झडपांचे नुकसान करण्यास पुरेशी असते.

नळ्या हाताळताना एक धोका विशेष ध्यानात ठेवावा. चालू यंत्रात तेलाचा दाब दर चौरस इंचास 2,000 पौंडांच्या वर जाऊ शकतो, आणि सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून निघालेली बारीक धार त्वचा भेदून आत शिरते. वरून जखम मामुली दिसली तरी आतील ऊतक कुजू लागते व तातडीची शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. म्हणून गळती हाताने चाचपून न पाहता पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधतात.

उतरविलेला बॅकहो महिनोन्‌महिने उभा राहिला म्हणजे सिलिंडरातून तेल हळूहळू झिरपून आधारपाय खचतात आणि सांगाडा इंच-दोन इंच खाली बसतो. खाचांची उंची मग जुळत नाही. सोडतानाच सांगाड्याखाली लाकडी ठोकळे रचले तर हा त्रास बव्हंशी टळतो. कित्येक मालक चाके लावलेल्या पोलादी चौकटीवर बॅकहो ठेवून तो कोठारात ढकलून नेतात; फरशी चांगली असेल तर ही तजवीज उत्तम. सिलिंडरांचे उघडे राहणारे दांडे ग्रीसने माखून ठेवावेत.

जोडणी म्हणजे याच क्रमाचा उलट प्रवास. तीन-बिंदू जोडाच्या खालच्या भुजा काढून अथवा बांधून ठेवाव्यात, दोन्ही मागील टायरांतील हवा सारखी आहे हे पाहावे, आणि ट्रॅक्टर अगदी सावकाश, सरळ रेषेत मागे आणावा. तिरका आलेला ट्रॅक्टर बॅकहो ढकलून सरळ करण्यापेक्षा पुढे नेऊन पुन्हा आणणे केव्हाही सोपे. तो खाचांपासून थोडा अलीकडे थांबवून, इंजिन बंद करून प्रथम नळ्या जोडावयाच्या, म्हणजे आधारपाय व बूम चालकाच्या हुकमतीत येतात. नंतर त्यांच्याच साहाय्याने आकडे उचलून वा झुकवून खाचांत बसवावयाचे व भोके जुळताच पिना आणि त्यांच्या खिळी घालावयाच्या. जुळणी दिसली तरी भोकात बोट घालून पाहू नये. आधारपाय किंचित सरकला तरी बोट तुटते. सराव झालेल्या माणसाला हे सारे काम पाव तासाच्या आत उरकते.

बॅकहो चढल्यावर मागील भाग जड होऊन पुढील चाकांचा जमिनीवरील दाब कमी होतो व सुकाणू हलके पडते. पुढे लोडर असणे आवश्यक मानतात ते या समतोलासाठीच. वाटचाल करताना बूम उभी मिटून तिची खीळ घालावी आणि उतारावर वेग मर्यादित ठेवावा. पहिल्या काही तासांच्या खोदकामानंतर उपसांगाड्याचे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, कारण नव्या जोडांवरील रंगाचा थर दबून ते सैल होतात.