केराचें बलुतें

घरांतील केर नेण्याबद्दल वेगळें शुल्क द्यावें लागेल असें म्हटलें कीं, मोर्शीसारख्या गांवांतील आमच्या सुशिक्षित गृहस्थांच्याहि कपाळाला आठी पडते. घरपट्टी भरतोंच, मग हें आणखी काय? वाडवडिलांनीं केरासाठीं कधीं दिडकी मोजली होती काय?

मोजली नव्हती, हें खरें. वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या घरचा केर म्हणजे शेण, राख, धसकटें व भाजीचे देठ. तो उकिरड्यावर जाई आणि मृगापूर्वीं बंडींत भरून शेतांत पडे. त्याला कचरा कोण म्हणेल? तें शेतकऱ्याचें भांडवल होतें. परंतु जें उकिरड्यालाहि नको असे, तें मेलेलें ढोर वेशीबाहेर ओढण्याचें काम महारांकडे होतें. त्याचा मोबदला खळ्यावर, सुगी झाल्यावर, धान्याच्या रूपानें मिळे. आम्ही या बलुत्याचें फार कौतुक करतों. त्याला मजुरी मात्र म्हणतां येत नाहीं. कारण मजुरीचें काम माणूस नाकारूं शकतो, हें त्याला नाकारतां येत नव्हतें. दिडकी वांचली ती अशी.

शहरांत उकिरड्याला शेत उरलें नाहीं, तेव्हां हिशेब कागदावर आला. मुंबईच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यांत मालमत्तेवरील करांपैकीं एकाचें नांवच 'हलालखोर कर' असें होतें; तो घरोघरचा मैला उचलण्याकरितां असे. हलालखोर म्हणजे हक्काचें, कष्टाचें खाणारा. झाडूवाल्यांना हें नांव अकबरानें रूढ केलें, असें अबुल फजल सांगतो. नांव केवढें गौरवाचें! पण त्या नांवाच्या माणसाला घरांत घेण्यास कोणी तयार नव्हतें. कर मात्र त्याच्या नांवानें बिनदिक्कत वसूल होई.

आमच्याच अमरावती जिल्ह्यांत शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगेबाबा गांवांत शिरले कीं आधीं खराटा घेऊन रस्ते झाडीत, कीर्तन रात्रीं. त्यांच्या तसबिरीला हार घालणें आम्हांला साधलें आहे. खराटा अजून दुसऱ्याच्याच हातीं आहे.

२०१६ सालीं केंद्र सरकारनें घनकचऱ्याचे नियम केले, त्यांत ओला व सुका कचरा घरींच निराळा करावा आणि स्थानिक संस्थेनें ठरविलेलें शुल्क प्रत्येक घरानें द्यावें, असें घातलें. तें कोणाच्या हातीं पडावें, हा मात्र आमच्या मतें खरा प्रश्न आहे. पुण्यास १९९३ सालीं कचरा वेंचणाऱ्यांनीं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही आपली संघटना काढली. तिच्यांतूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ सालीं तिचा महापालिकेशीं करार झाला. त्यांत बहुतेक स्त्रिया. दारोदारचा केर त्या नेतात, महिन्याचे पैसे त्याच दारावर हातीं घेतात, आणि सुक्या कचऱ्यांतील भंगार विकून येईल तेंहि त्यांचेंच. घासाघीस तेथेंहि होते. पण ती करतांना गृहिणीला समोरच्या बाईच्या तोंडाकडे पाहावें लागतें.