वळणावर कळते यंत्राची पारख



ट्रॅक्टर घ्यायचा म्हटला की पहिला प्रश्न असतो, "किती हॉर्सपॉवरचा?" आणि दुसरा, "हप्ता किती पडतो?" दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत. पण ज्यांनी चार-सहा वर्षे ट्रॅक्टर वापरला आहे, त्यांच्याजवळ जरा बसून बघा. ते हॉर्सपॉवरवर फारसे बोलत नाहीत. तासाच्या टोकाला वळताना काय होते, केळीच्या ओळीत मागचे चाक कुठे जाते, उतारावर ट्रॉली कशी ढकलते, हे ते सांगतात. सरळ तासात सगळीच यंत्रे चांगली. यंत्राचा खरा स्वभाव कळतो तो धुऱ्यावर.

म्हणून या पत्रकात आपण शेतातल्या वळणाचा इतिहास पाहू. बैलजोडीपासून निघू आणि परदेशातल्या द्राक्षमळ्यात चालणाऱ्या, कमरेत वाकणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरपर्यंत जाऊ. यातून तुमच्या खरेदीच्या वेळी कामाला येईल असे काही हाती लागेल.

बैलांचे वळण

आपला नांदेड-लातूरचा भाग बैलांचा. देवणी आणि लाल कंधारी या दोन्ही नामांकित जाती इथल्याच. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत जाणता शेतकरी बैलाचे नुसते दात आणि खांदा पाहून थांबत नाही. तो बैल चालवतो, वळवतो, मग बोली करतो. कारण वखर-तिफणीचे अर्धे कसब वळण्यात असते. आतला बैल जागेवर पाय फिरवतो, बाहेरचा वेढा घालतो, आपण औत उचलून धरतो आणि जोडी नव्या तासाला लागते.

पण भारी काळ्या रानात पूर्वी मोठा लाकडी नांगर चाले. त्याला तीन-तीन, चार-चार जोड्या लागत. एवढी लांब रांग वळवायला टोकाला रुंद पट्टा सोडावा लागे आणि तो शेवटी आडवा नांगरून घ्यावा लागे. म्हणजे ताकद वाढली की वळायला जागा जास्त लागते, ही अडचण ट्रॅक्टरने आणलेली नाही. ती बैलांपासूनची आहे.

१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा तो लवकर खपेना. लोखंडाने जमीन नासते, असा लोकांचा समज होता. तो समज भाषणाने गेला नाही. नांगर रानात चालताना पाहिला, तेव्हा गेला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी पुन्हा उपयोगी पडेल.

औत ट्रॅक्टरला चिकटले

सुरुवातीचे ट्रॅक्टर नांगराला बैलासारखेच ओढत. मागे हूक, हुकाला नांगर. वळताना पुढे ट्रॅक्टर आणि मागे नांगर असा लांब फेरा पडे. नांगर दगडाला अडला तर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलून तो चालकावर उलटण्याची भीती असे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी यावर तोड काढली. औत तीन ठिकाणी जोडायचे आणि हायड्रॉलिकने उचलायचे. १९३६ मध्ये या पद्धतीचा ट्रॅक्टर विक्रीला आला आणि १९४६ पासून त्यांचा छोटा करडा ट्रॅक्टर इंग्लंडमध्ये मोठ्या संख्येने बनू लागला. आज तुमच्या ट्रॅक्टरमागे जे तीन दांडे आहेत, ते याच कल्पनेतून आले. दांडी ओढली, औत वर गेले, ट्रॅक्टर वळला. धुऱ्याच्या कोपऱ्यात मागे सरकता येऊ लागले, ते तेव्हापासून.

आपल्या देशात १९४७ साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. युद्धातून उरलेल्या ट्रॅक्टरांनी तिने कांस गवताने व्यापलेल्या जमिनी फोडल्या. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर देशात तयार झाला. १९६० नंतर मद्रास आणि मुंबईचे कारखाने आले. १९७४ मध्ये पंजाबातून स्वराज आला, त्याचा आराखडा दुर्गापूरच्या आपल्या संशोधन संस्थेत झालेला होता. यंत्र देशी झाले, सुटे भाग मिळू लागले, तालुक्याच्या गावी मिस्त्री तयार झाले.

शेत लहान, वळण तेवढेच

पण याच काळात दुसरे काहीतरी घडत होते. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टर राहिली. म्हणजे साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. भावाभावांत वाटण्या झाल्या, पट्ट्या अरुंद झाल्या. ट्रॅक्टर मात्र मोठाच राहिला.

साधा हिशोब करा. एक एकराची पट्टी ४० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब धरा. दोन्ही टोकांना वळायला ४-४ मीटर लागले, तर ३२० चौरस मीटर जागा वळणात गेली. हे तीन गुंठ्यांहून जास्त झाले. तेच वळण २-२ मीटरमध्ये बसले, तर दीड गुंठ्याच्या थोडे वर. ही जागा पडीक राहते असे नाही, पण ती पुन्हा आडवी करावी लागते, चाकाखाली दबते, आणि वाफसा नसताना काळी जमीन एकदा दबली की त्या हंगामात पीक तिथे मागेच राहते. शिवाय वळायला शेजाऱ्याच्या रानात चाक गेले की काय होते, ते मी सांगायला नको. धुऱ्यावरून किती गावांत बोलणे बंद झाले आहे!

जपानचा पॉवर टिलर

लहान शेताला लहान यंत्र हवे, हे जपानने आधी ओळखले. १९६० नंतर तिथला दोन चाकी पॉवर टिलर आपल्याकडे आला आणि पुढे बंगळूर, केरळ अशा ठिकाणी बनू लागला. भातखाचरात तो रमला. आपल्या कडक काळ्या जमिनीत मात्र हलका पडला, आणि मागे चालून माणूस थकला. ६० सेंटिमीटर रुंदीने एक एकर करायचे तर जवळजवळ पावणेसात किलोमीटर चालावे लागते. तरी हळद, केळी, भाजीपाल्याच्या ओळीत त्याने आपली जागा धरली.

या यंत्राला ट्रॉली जोडली की ते मधोमध वाकणारे वाहन होते, आणि इथेच जिवाचा धोका आहे. नीट वाचा. सपाटीवर डावीकडे वळायला आपण डावा क्लच दाबतो. डाव्या चाकाची ताकद तुटते, उजवे पुढे जाते, यंत्र डावीकडे वळते. उतारावर मात्र मागची भरलेली ट्रॉली ढकलत असते. तिथे डावा क्लच दाबला की डावे चाक मोकळे होऊन जास्त पळते आणि यंत्र उजवीकडे जाते. अगदी उलटे! कंधार, मुखेड, अहमदपूरकडच्या बालाघाटाच्या उतारांवर हे विसरून चालणार नाही. उतरण्याआधीच खालचा गिअर टाका, न्यूट्रल करू नका, बाजूचे क्लच न वापरता मुठी धरूनच सावकाश वळवा.

कमरेत वाकणारा ट्रॅक्टर

याच दोन चाकी यंत्रातून इटलीत पुढची पायरी निघाली. डोंगरउतारावरच्या द्राक्षमळ्यांत आणि फळबागांत वळायला जागा नव्हती. तेव्हा दोन चाकांच्या यंत्रामागे दोन चालती चाके जोडली आणि मध्ये बिजागरीसारखा जोड दिला. जर्मनीतही १९५० नंतरच्या दशकात होल्डर कारखान्याने असे छोटे ट्रॅक्टर काढले. चारही चाके सारख्या मापाची, चारही ओढणारी. स्टिअरिंग फिरवले की चाके वळत नाहीत, ट्रॅक्टरच कमरेत वाकतो. आपल्याकडे असा छोटा ट्रॅक्टर शेतात सहसा दिसत नाही. पण रस्त्याच्या कामावर पुढे एकच मोठा ड्रम असलेला रोलर पाहिला असेल, तो असाच मधोमध वाकतो.

याचा फायदा काय? जोड बरोबर मध्ये असला की मागची चाके पुढच्या चाकांच्याच वाटेने येतात. आपला नेहमीचा ट्रॅक्टर वळताना मागचे चाक आतून कापत जाते आणि कडेचे झाड चिरडते. वाकणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये हे होत नाही. शिवाय बऱ्याच यंत्रांत तो जोड पिळतोही, त्यामुळे खाचखळग्यात चारही चाके जमिनीवर टेकून राहतात.

पण त्याच्या खोडीही आहेत. पूर्ण वाकलेल्या स्थितीत तो उतारावर लवकर कलंडतो, कारण वजन एका बाजूला जाते. मागच्या अर्ध्याला जोडलेले औत वळताना बाहेर फेकले जाते. म्हणून ओळीत थोडेसे स्टिअरिंग सुधारले तरी कोळपे पिकावर जाऊ शकते. आणि इंजिन चालू असताना त्या जोडाजवळ कोणी उभे राहिले, तर दोन अर्ध्यांत चिमटून जाईल. फायदा आणि धोका दोन्ही त्या एका जोडात आहेत.

आपल्याकडचा छोटा ट्रॅक्टर

महाराष्ट्र-गुजरातेत वाट वेगळी निघाली. राजकोट भागातल्या कारखान्यांनी छोटे ट्रॅक्टर काढले. २०१० च्या सुमारास महिंद्राचा १५ हॉर्सपॉवरचा युवराज आला. हे ट्रॅक्टर वाकत नाहीत, पुढची चाके वळतात. पण बांधा अरुंद आणि लांबी कमी, म्हणून थोड्या जागेत परततात. आंतरमशागत, फवारणी, हलके रोटावेटर ही त्यांची कामे. भारी जमिनीतली खोल नांगरट हे त्यांचे काम नव्हे. ती भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरकडून करून घेतलेली परवडते.

लक्षात ठेवा

१. बयाणा देण्याआधी यंत्र आपल्याच शेतात, आपलेच औत जोडून वळवून पाहा. टोकाला किती मीटर लागले ते टेपने मोजा.

२. केळीची, उसाची ओळ मोजा. मग ट्रॅक्टरची टायरच्या बाहेरून बाहेर रुंदी मोजा. दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहिली पाहिजे.

३. वळण्याआधी औत उचला. जमिनीत फाळ रुतलेला असताना वळलात तर दांडे वाकतात.

४. डाव्या-उजव्या ब्रेकचे पायडल शेतात वेगळे वापरा. रस्त्यावर येताच खिटीने एकत्र जोडा. वेगात एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटतो.

५. ज्याच्याकडे तेच यंत्र दोन हंगाम चालले आहे, अशा मालकाला भेटा. "ताकद कशी आहे?" असे विचारू नका. "धुऱ्यावर कसा वळतो, आणि उतारावर कसा वागतो?" असे विचारा.

बंधूंनो, लोखंडी नांगर रानात पाहिल्यावरच लोकांनी घेतला. बैलही आपण वळवून पाहिल्याशिवाय घेत नव्हतो. मग लाखोंचे कर्ज काढून घ्यायचा ट्रॅक्टर नुसत्या कागदावर का घ्यावा? विक्रेता तो डांबरी रस्त्यावर चालवून दाखवील. तुम्ही त्याला धुऱ्यावर न्या.