हिमनदीच्या वाटाड्याचे कूळ

हिमनदी पाहायला माणूस पदरचे पैसे मोडून जाऊ लागला, त्या गोष्टीला पावणेतीनशे वर्षांहून थोडा अधिक काळ लोटला. त्यापूर्वी ती आपल्या दारी येऊ नये म्हणून तो देवाला साकडे घालीत असे. आल्प्स पर्वतातील सॅव्हॉय प्रांतात, माँ ब्लाँ या 4,800 मीटरांहून उंच शिखराच्या पायथ्याशी शामोनी नावाचे एक खोरे आहे. सकाळी वाटाड्याबरोबर बर्फावर जावे, दुपारी शिदोरी सोडावी आणि दिवेलागणीला मुक्कामी परतावे, हा आज जगभर रूढ झालेला रिवाज ज्या खोऱ्यात प्रथम आकारास आला, त्याच्या जुन्या दफ्तरांत हिमनदीचा उल्लेख येतो तो सृष्टिसौंदर्याच्या सदरात नव्हे, तर सारामाफीच्या सदरात.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील हवामान उत्तरोत्तर थंड होत गेले, हिमनद्या वाढत वाढत खोऱ्याच्या तळापर्यंत उतरल्या, आणि 1600 च्या आगेमागे ल शातलारसारख्या वाड्या त्यांच्या तडाख्यात सापडून उजाड झाल्या. शेते बुडाली तरी सारा काही बुडत नव्हता. तेव्हा गावकऱ्यांनी शांबेरीच्या हिशेबदरबारात अर्ज गुदरला, आणि 1616 साली निकोला द क्रान नावाचा कमिशनर पाहणीस येऊन पडक्या घरांची नोंद करून गेला. सरकारदरबारी दाद लागो न लागो, बर्फ मात्र कोणाच्या हुकमाने थांबणारे नव्हते. म्हणून 1644 साली शार्ल-ऑग्युस्त द साल हा बिशप सुमारे तीनशे माणसांची मिरवणूक घेऊन ले ब्वा या वाडीवर चालून आलेल्या हिमनदीपाशी गेला, आणि प्रार्थना म्हणून व हात उंचावून त्याने तिला मागे सरण्याची आज्ञा केली. पुढे ती थोडी मागे सरलीही. श्रेय कोणाला द्यावयाचे ते ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. हीच हिमनदी वरच्या अंगाला मेर द ग्लास, म्हणजे बर्फाचा समुद्र, या नावाने पुढे जगविख्यात झाली.

मात्र या भयभीत खोऱ्यातही हिमनदीवर नित्य वावरणारी काही माणसे होती. डोंगराच्या कपारींतून स्फटिक खणून काढणारे आणि शामवा नावाच्या चपळ पहाडी जनावराची शिकार करणारे, हे दोन धंदे तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, आणि दोहोंचीही वाट बर्फावरून जात असे. स्फटिकांना शहरातील कारागिरांकडे गिऱ्हाईक होते, शामव्याच्या कातड्याला बाजारात किंमत येई. टोकाला लोखंड बसविलेली काठी हातात घेऊन, ताज्या हिमाच्या पातळ पापुद्र्याखाली भेग कोठे लपली आहे हे काठीच्या खालून येणाऱ्या आवाजावरून ओळखावे, आणि ऊन चढून वरचे दगड सुटू लागण्याच्या आत धोक्याची जागा ओलांडून जावे, ही विद्या त्यांना पोटासाठी शिकावी लागली होती. या विद्येला स्वतंत्रपणे काही मोल आहे, स्फटिक न आणताही केवळ माणूस नेऊन सुखरूप परत आणल्याबद्दल कोणी पैसे मोजील, ही कल्पना मात्र त्यांच्या स्वप्नातही आली नसेल.

ती कल्पना 1741 च्या जूनमध्ये जिनिव्हाहून चालून आली. विल्यम विंडहॅम हा इंग्लंडातील एका जमीनदार घराण्यातला तरुण, आणि नुकताच मिसर व पूर्वेकडील देश पालथे घालून आलेला रिचर्ड पोकॉक, असे दोघे आणखी सहा देशबांधवांसह व नोकरचाकरांसह, जणू शत्रूच्या मुलखात शिरावयाचे आहे अशा बेताने सशस्त्र होऊन शामोनीस येऊन थडकले. गावकऱ्यांनी त्यांना निक्षून सांगितले की, वर जाणे हे शिकाऱ्यांचे आणि स्फटिकवाल्यांचे काम आहे, तुमच्यासारख्यांचे नव्हे. मंडळींनी ऐकले नाही. वाट दाखविण्यास काही व मद्य आणि खाद्यपदार्थ वाहून नेण्यास काही, असे गावकरी मजुरीने घेतले आणि भर दुपारी माँतांवेर या उंचवट्याची चढण धरली.

या स्वारीतील एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. निघतानाच विंडहॅमने काही नियम घालून दिले: रांग सोडून कोणी पुढेमागे होऊ नये, जो अग्रभागी असेल त्याने सावकाश आणि एकसारख्या पावलाने चालावे, ज्याला दम लागेल त्याने सर्वांना थांबविण्यास संकोच करू नये, आणि झरा दिसला की मद्यात पाणी मिसळून प्यावे व रिकाम्या झालेल्या बाटल्या पाण्याने भरून घ्याव्यात, म्हणजे पुढे पाणी नसलेल्या ठिकाणी त्या उपयोगी पडतील. शेवटचा नियम सोडला, तर आजही कोणताही वाटाड्या बर्फावर पाऊल ठेवण्यापूर्वी आपल्या मंडळीला हेच सांगतो. चढणीला पावणेपाच तास लागले. वर पोचल्यावर जे दिसले त्याचे वर्णन करताना, वाऱ्याने खवळलेले सरोवर एका क्षणात गोठून जावे तसे, अशी उपमा विंडहॅमने योजिली, आणि तिच्यातूनच पुढे समुद्राचे नाव रूढ झाले. मंडळी खाली उतरून बर्फावर थोडा वेळ वावरली, त्यावेळी चालू असलेल्या लढाईतील आपल्या एका नौसेनापतीच्या नावाने तेथेच पेले उंचावले गेले, आणि सूर्यास्ताच्या सुमारास सर्वजण शामोनीत परतले. रात्री वाटाड्यांनी त्यांना सांगितले असावे की, या बर्फावर चेटकिणी येऊन वाद्यांच्या तालावर नाचतात. विंडहॅमने गावकऱ्यांची ही समजूत नोंदवून ठेवली आहे. पुढल्याच वर्षी पिएर मार्तेल हा जिनिव्हाचा यंत्रकुशल गृहस्थ मापनाची उपकरणे घेऊन त्याच वाटेने गेला, आणि 1744 साली दोघांचे पत्ररूप वृत्तान्त लंडनमध्ये एकत्र छापले गेले.

या रिवाजाचे जनकत्व बहुतेक ग्रंथकार विंडहॅमकडे देतात. मला ते न्याय्य वाटत नाही. त्याने पाहिले, लिहिले आणि छापले, हे खरेच. परंतु त्याला वर नेणारे जे गावकरी होते त्यांची नावे त्याच्या पत्रात नाहीत, आणि त्यांची विद्या नसती तर पत्रही नसते. शिवाय एका हौशी टोळीने केलेली स्वारी म्हणजे रिवाज नव्हे. कोणीही परका मनुष्य आला असता त्याला ठरावीक मजुरीत, भरवशाचा, जबाबदार वाटाड्या मिळेल, आणि तो वाटाड्या मेला तर त्याच्या बायकापोरांना कोणीतरी विचारील, अशी व्यवस्था लागते तेव्हा रिवाज जन्मतो. ती व्यवस्था लागण्यास आणखी ऐंशी वर्षे जावी लागली, आणि तीन माणसांचे प्राण खर्ची पडावे लागले.

मधल्या काळात गर्दी वाढत होती. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर 1760 पासून शामोनीस येऊ लागला आणि माँ ब्लाँ चढण्याची वाट शोधील त्याला त्याने बक्षीस लावले. ते शिखर 8 ऑगस्ट 1786 रोजी स्फटिकवाला झाक बाल्मा आणि गावचा डॉक्टर पाकार यांनी गाठले. माँतांवेरला 1779 साली ब्लेअर नावाच्या इंग्रजाच्या खर्चाने एक झोपडी उभी राहिली, 1795 साली तिच्या जागी निसर्गदेवतेचे म्हणून दगडी मंदिर बांधले गेले, ते आजही आहे. 1816 साली मेरी शेली पुढे तिचा पती झालेल्या कवीसह येथे येऊन गेली, आणि दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये निर्मात्याची व त्याने निर्मिलेल्या राक्षसाची गाठ तिने याच बर्फावर घातली. वाटाडे बहुत झाले, तसे भांडणारेही बहुत झाले: पाहुणा गावात शिरताच दहाजणांनी त्याला गराडा घालावा, एकाने दुसऱ्याचा भाव पाडावा, असा प्रकार होऊ लागला.

20 ऑगस्ट 1820 रोजी रशियाच्या झारच्या सेवेतील डॉ. हॅमेल दोन इंग्रज तरुणांसह माँ ब्लाँ चढत असता हिमाचा लोट सुटला आणि पिएर बाल्मा, पिएर कारिए व ऑग्युस्त तेराझ हे तिघे वाटाडे एका खोल भेगेत गडप झाले. हवा बिघडलेली असताना पुढे जाण्याचा आग्रह कोणाचा, याविषयी पुढे पुष्कळ वादंग माजले. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. गावापुढचा प्रश्न निराळा होता. तीन घरांचे कर्ते पुरुष गेले, आणि त्या घरांना पोसण्याची जबाबदारी कायद्याने कोणाचीच नव्हती. पुढच्या वर्षी, 1821 साली, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली कंपनी स्थापन केली. 1823 साली सार्डिनियाच्या सरकारने, कारण सॅव्हॉय तेव्हा त्या राज्यात मोडत असे, तिची नियमावली मंजूर केली. मजुरीचा काही अंश सामाईक निधीत जमा करावयाचा, आणि आजारी, जायबंदी किंवा मृत वाटाड्याच्या कुटुंबाला त्यातून मदत द्यावयाची. सहलीसहलीचे दरपत्रक ठरवावयाचे. आणि पाहुणा येईल त्या क्रमाने, ज्याची पाळी असेल तो वाटाड्या त्याच्याबरोबर जाईल, अशी व्यवस्था झाली. पाळी वाटण्याचे काम वाटाड्यांच्या नायकाकडे राहिले.

कंपनीत शामोनी खोऱ्यातील माणसालाच प्रवेश असे. आपल्याकडील वतनदारीशी हिचे साम्य उघड आहे, आणि वतनदारीचे गुणदोष दोन्ही तिच्यात उतरले. उपऱ्याला दार बंद. रोझे फ्रिझाँ-रोश हा पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला गृहस्थ 1930 साली कंपनीत दाखल झाला, तो खोऱ्याबाहेर जन्मलेला पहिला वाटाड्या. पाळीच्या नियमावर तर इंग्रज गिर्यारोहकांचा विलक्षण राग होता, कारण मनाजोगता वाटाड्या निवडण्याची त्यांना मोकळीक उरली नव्हती आणि कठीण शिखरासाठी कोण वाट्याला येईल याचा नेम नसे. त्यांची तक्रार शिखरापुरती खरी होती. परंतु मेर द ग्लासवर एक दिवस फिरून येणाऱ्या सामान्य पाहुण्याच्या दृष्टीने पाहिले, तर पाळी हेच मोठे वरदान होते: ज्याला वाटाड्यांतला चांगला-वाईट पारखता येत नाही, त्याला बाजारात उभे राहून पारख करण्याची गरजच उरली नाही. एका दिवसाची हिमनदी-सहल ही वस्तू जर कोणी निर्माण केली असेल, तर ती या पाळीच्या वहीने.

पुढचा विस्तार थोडक्यात सांगता येईल. अल्बर्ट स्मिथ नावाच्या इंग्रजाने 1851 साली माँ ब्लाँ चढून, 1852 पासून लंडनमध्ये त्या चढाईचे सचित्र आख्यान लावले, आणि सहा वर्षे ते लोकांना वेड लावीत राहिले. 1863 च्या उन्हाळ्यात टॉमस कुकने आपली पहिली स्वित्झर्लंडची सहल काढली, तिच्यातील मंडळी शामोनीस येऊन, घोळदार झग्यांतील स्त्रियांसह, बर्फ ओलांडून पलीकडच्या कड्याने उतरली. कड्यात खोदलेल्या पायऱ्यांना धरावयास लोखंडी गज बसविलेले होते. मार्क ट्वेन तेथे गेला तेव्हा बर्फावर कुऱ्हाड घेऊन बसलेल्या एका इसमाने त्याच्यासाठी दोनएक पायऱ्या खोदल्या, एक फ्रँक वसूल केला आणि पुढची मंडळी येईपर्यंत तो पुन्हा जागेवर जाऊन बसला. 1909 साली माँतांवेरपर्यंत दातेरी रुळांची रेल्वे पोचली, तेव्हा खेचरे हाकणाऱ्यांचा रोजगार जाणार म्हणून गावात बरीच कुरकुर झाली, पण रेल्वे झालीच.

हॅमेलच्या त्या तीन वाटाड्यांची गोष्ट मात्र अजून संपली नव्हती. फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1842 पासून हिमनदीच्या गतीचे मापन करून, ती माणसे सुमारे चाळीस वर्षांनी खाली निघतील, असे गणित मांडले होते. 1861 च्या ऑगस्टमध्ये बोसाँ हिमनदीच्या मुखापाशी ती खरोखरच निघू लागली. हाताचे अवशेष, टोपीचे तुकडे, होकायंत्र, आणि शिदोरीतील मेंढीच्या मांडीचा शिजविलेला तुकडा, असे एकेक बाहेर पडले, आणि त्या दिवशी त्यांच्याबरोबर असलेला व वाचलेला वृद्ध वाटाड्या कुते याने ते ओळखले. याच बोसाँ हिमनदीशी आपलाही एक दुःखद संबंध आहे. 3 नोव्हेंबर 1950 रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान माँ ब्लाँवर आदळले, आणि शोधास गेलेल्यांपैकी रने पेयो हा शामोनीचा वाटाड्या भेगेत पडून दगावला. 24 जानेवारी 1966 रोजी ‘कांचनजंगा’ जवळपास त्याच जागी कोसळले, त्यात डॉ. होमी भाभा गेले. त्या विमानातील भारतीय परराष्ट्र खात्याच्या टपालाची पिशवी 2012 साली बर्फातून निघाली, आणि इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी छापलेली वर्तमानपत्रे 2020 साली.

मेर द ग्लास आता पुन्हा मागे सरत आहे, या वेळी बिशपाशिवाय. 1988 साली रेल्वेस्थानकाखालून बर्फाकडे नेणारा पाळणा बसविला, तेव्हा खाली उतरल्यावर बर्फ तीन पायऱ्यांवर होते. पुढे पायऱ्या वाढवीत वाढवीत पाचशेच्या वर न्याव्या लागल्या, आणि शेवटी 2024 साली आणखी वरच्या बाजूला नवा पाळणा सुरू करावा लागला. बर्फात दरवर्षी नव्याने कोरली जाणारी गुहा पाहणे, एवढ्यावरच हल्ली बहुतेकांची सहल आटोपते, आणि तिला वाटाड्या लागत नाही.

मुंबई-पुण्याहून युरोपच्या सहलीवर जाणाऱ्यांपैकी कोणी शामोनीस एक दिवस राखून ठेवील, तर त्याने गुहेवर समाधान मानू नये. चर्चसमोर वाटाड्यांच्या कंपनीची कचेरी आहे. तेथे आदल्या दिवशी नाव नोंदवावे, जो वाटाड्या मिळेल तो सांगेल त्या पावलाने बर्फावर चालावे, आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.